भुलेश्वर

पुणे जिल्ह्यातील एक मध्ययुगीन शिवमंदिर व त्याभोवतीचा डोंगरी किल्ला. पुण्याच्या पूर्वेस सु. ५० किमी. अंतरावर, पुणे–सोलापूर मार्गावरील यवत (ता. दौंड) या गावाच्या दक्षिणेस हे स्थान असून, महसुली दृष्ट्या ते पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावच्या हद्दीत मोडते. सिंहगडापासून पूर्वेकडे उतरत गेलेल्या डोंगररांगेस याच देवस्थानावरून भुलेश्वर रांग हे नाव मिळाले आहे. दौंडकडील सपाट प्रदेशातून पाहता माथ्यावरील शिखर व घुमट दुरूनही ओळखू येतात.

मंदिर स्थूलमानाने तेराव्या शतकातील, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या काळातील मानतात. स्थानिक लोक त्यास ‘हेमाडपंती’ म्हणतात. महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री याच्याशी ही संज्ञा जोडलेली असली, तरी चुन्याशिवाय दगड एकमेकांत बसवून बांधण्याची पद्धती त्याच्या फार पूर्वीपासूनची आहे, अंबरनाथचे मंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) मधील आहे, हे तेथील शिलालेखावरूनच सिद्ध होते. तेव्हा ‘हेमाडपंती’ हे कालनिर्णयाचे साधन नव्हे. लोककथेने तर हेमाडपंतास लंकेत नेऊन पोहोचविले आहे. त्याने बिभीषणास रोगमुक्त केले, त्या बदल्यात त्यास राक्षस कामगार मिळाले आणि त्यांनी ही देवळे उभारली, अशी ती कथा. मोठमोठ्या शिळा चुन्यावाचून कशा सांधल्या, हा प्रश्न पडलेल्या शेतकऱ्याने दिलेले हे उत्तर आहे. ते चुकीचे असले तरी प्रश्न नेमका आहे.

बाहेरून येणाऱ्यास प्रथमदर्शनी हे मंदिर वाटतच नाही. उंच, जवळजवळ निरलंकृत भिंत, तीवरील घुमट आणि कोपऱ्यांवरील मिनारवजा लहान शिखरे यांमुळे एखादी मशीद किंवा गढी असावी असा भास होतो. हा वरचा भाग मूळचा नाही. तो विटा व चुना यांत मराठा काळी चढविलेला असून, अठराव्या शतकातील जीर्णोद्धाराचे श्रेय पहिल्या बाजीराव पेशव्यांचे गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी (मृ. १७४५) यांना देतात. दरवाजातून आत शिरल्यावरही गाभारा समोर दिसत नाही. समोर भिंत येते, वाट वळते आणि अंधाऱ्या पायऱ्यांनी वर चढून नंदीपुढे जावे लागते. हे मूळच्या स्थापत्याचे अंग की पुढील असुरक्षित काळातील आडोसा, याविषयी निरनिराळी मते मांडली जातात. प्रस्तुत लेखकास मात्र आतील काळा पाषाण व बाहेरील बांधणी यांतील फरक पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

खरे मंदिर या आवरणाच्या आत आहे. गाभाऱ्याच्या बाह्य भिंती आणि आवरणाची भिंत यांमधून प्रदक्षिणेचा मार्ग जातो. त्यात तिरप्या उजेडाने काळ्या बेसाल्टातील शिल्पे उजळतात. सुरसुंदरी, हत्तींचे थर, शरपंजरी भीष्मासारखे महाभारतातील प्रसंग, असा हा विस्तार आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची मूर्ती म्हणजे मातृकांसमवेत कोरलेली गजमुखी स्त्रीदेवता. तिला वैनायकी, गणेश्वरी, लंबोदरी इ. नावांनी ओळखतात, गणेशाची ही शक्तिरूपे अत्यंत विरळ असून मध्य प्रदेशात भेडाघाट येथील योगिनी मंदिरातही तसे एक रूप आढळते. मार्गदर्शक तिला ‘स्त्रीवेशातील गणपती’ म्हणून दाखवितात. ते योग्य नव्हे. ही स्वतंत्र देवता आहे. बहुसंख्य मूर्तींचे चेहरे व हात फोडलेले आहेत. भग्न मूर्ती पूजेस वर्ज्य, या संकेतामुळे त्यांवर शेंदूर व तेल यांची पुटे चढली नाहीत आणि उरलेले कोरीवकाम स्वच्छ राहिले, असे दिसते. आज त्यांना धोका आहे तो फोडणाऱ्यांचा नव्हे, तर रंग, फरशी व सिमेंट घेऊन येणाऱ्या श्रद्धाळू हातांचा.

या डोंगरास किल्ल्याचे रूप आले ते सतराव्या शतकात. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० मध्ये पुणे जाळले, गाढवांचा नांगर फिरविला व पहार रोवली. त्यानंतर पुण्याऐवजी ठाण्यासाठी त्याने भुलेश्वराची निवड करून दौलतमंगळ हा किल्ला बांधला. त्याच्या तटाचे व बुरुजांचे अवशेष अद्याप दिसतात. शिरूर तालुक्यातील वढूच्या शेजारी, भीमा–इंद्रायणी संगमावर, याच मुरार जगदेवाने १६३३ मध्ये हत्तीची तुला केली व नांगरगावचे तुळापूर झाले. हत्तीस नावेत उभे करून पाण्याची खूण करावी व तितक्याच खुणेपर्यंत दगड भरून ते तोलावेत, ही युक्ती शहाजीराजांची, असे परंपरा सांगते. एकाच माणसाच्या नावे एका गावाचा विध्वंस व दुसऱ्याचे नामकरण नोंदले गेले आहे.

देवाच्या नावाची कथा वेगळी. पार्वतीने येथे नृत्य करून शंकरास भुलविले, म्हणून तो भुलेश्वर. मग दोघे कैलासास जाऊन विवाहबद्ध झाले. नावातून कथा निर्माण होण्याची ही रीत सार्वत्रिक आहे. इटलीतील बोलोन्या शहरी बाराव्या शतकातील सु. ९७ मी. उंचीचा आझिनेल्ली मनोरा आहे. नावातील ‘गाढव’ या अर्थाच्या शब्दावरून, गाढवांवर वाळू वाहणाऱ्या एका तरुणास धन सापडले व श्रीमंताघरची मुलगी मिळावी म्हणून त्याने तो बांधला, असे तेथे सांगतात. प्रत्यक्षात तो बलाढ्य घराण्यांच्या चुरशीच्या काळातील आहे. भुलेश्वरासही कथेने इतिहासातील जाळपोळ वगळून प्रणयच तेवढा राखला.

अधिक ख्याती आहे ती पेढ्यांची. शिवलिंगावरील आवरण उचलून आतील पोकळीत पेढ्यांचे ताट ठेवतात. थोड्या वेळाने आत खाल्ल्यासारखा आवाज येतो आणि ताट काढल्यावर एखाद-दुसरा पेढा कमी भरतो. काही जण हे उंदरांचे काम समजतात, पुजारी त्यास देवाचा प्रसादस्वीकार म्हणतात. मूर्तिविज्ञानाशी या प्रथेचा संबंध नाही. तथापि डोंगरावरील आडबाजूच्या या देवळाकडे पावले वळत राहिली, त्यात तिचा वाटा मोठा आहे.

श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस येथे मोठी गर्दी होते. यवतहून माथ्याजवळपर्यंत घाटरस्ता आहे. शिल्पे पाहण्यास सकाळची वेळ सोयीची. दुपारनंतर प्रदक्षिणामार्गात विजेरी न्यावी लागते.