टेपचे सोंग

आवाजाची कॅसेट तुमच्यापैकी काहींनी घरातल्या जुन्या कपाटात पाहिली असेल. प्लॅस्टिकची डबी, आत दोन चाके आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. या फितीवर लोक गाणी भरून ठेवत. एके काळी संगणकही आपली माहिती अशाच फितीवर ठेवत असे. अशा एका जुन्या संगणकाची आणि त्याच्या टेपची माहिती आपण घेऊ.

१९७० साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने पीडीपी-११ नावाचा संगणक बाजारात आणला. त्या काळचे मोठे संगणक अख्खी खोली व्यापत. हा त्यांच्या मानाने लहान, म्हणून त्याला मिनी-संगणक म्हणत. लहान म्हणजे किती? पुष्कळदा कपाटाएवढा! प्रयोगशाळा, कारखाने आणि विद्यापीठे यांत ही यंत्रे वर्षानुवर्षे राबली. ती बनवणारी कंपनी १९९८ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. पण यंत्रे उरली. काही संग्रहालयांत आहेत, काही हौशी माणसांच्या घरी आहेत.

या संगणकासाठी कंपनीने टीयू-५८ नावाचे टेपयंत्र काढले होते. त्याची कॅसेट तळहातावर मावेल एवढी. आत सुमारे १४० फूट फीत. फितीचे ५१२ भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागात ५१२ अक्षरे मावत. गुणाकार करून पाहा. उत्तर येते २,६२,१४४. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र ठेवायला अशा आठ-दहा कॅसेट लागतील. तरीही कोणाचे संशोधन, कोणाचे हिशेब, कोणी रात्री जागून लिहिलेल्या आज्ञावली अशा कॅसेटमध्ये आहेत. दुसरीकडे त्यांची नक्कल नसेल, तर फितीबरोबर सारेच जाणार.

आणि फीत जाते ती बहुधा रबरामुळे. टेपयंत्रात कॅसेट फिरवणारे एक रबरी चाक असते. चाळीस वर्षांनी ते रबर काकवीसारखे चिकट होते. कॅसेटच्या आतही ताणाचा एक पट्टा असतो. तोही तुटतो किंवा फितीला चिकटतो. म्हणून जुनी कॅसेट हाती आली की उत्साहाने लगेच यंत्रात घालू नये. आधी चाक साफ करावे, त्यावर नवे रबर चढवावे आणि मगच, तेही बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर, प्रयोग करावा.

पण टेपयंत्र पार बिघडलेलेच असेल तर? मग संगणकात माहिती कशी घालायची आणि त्यातली बाहेर कशी काढायची?

इथे एक गोष्ट आपल्या उपयोगी पडते. टीयू-५८ हे टेपयंत्र संगणकाला एका साध्या तारेने जोडलेले असे. या तारेतून माहिती एकामागून एक, रांगेत जाते. एका अक्षरासाठी आठ खुणा, आधी 'सुरू' अशी एक आणि शेवटी 'संपले' अशी एक, मिळून दहा. सेकंदाला ९,६०० खुणा जात असतील तर अक्षरे झाली ९६०. म्हणजे पूर्ण कॅसेट वाचायला साडेचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागेल.

संगणक आणि टेपयंत्र यांचे बोलणे पाकिटांतून चालते. संगणक हुकमाचे पाकीट पाठवतो : 'अमुक क्रमांकाच्या भागापासून इतकी अक्षरे वाच.' टेपयंत्र १२८-१२८ अक्षरांची पाकिटे परत पाठवते. शेवटी 'काम झाले' असे एक पाकीट येते. प्रत्येक पाकिटाच्या अखेरीस आतील सर्व अंकांची बेरीज लिहिलेली असते. घेणारा पुन्हा बेरीज करतो. ती जुळली नाही, तर वाटेत काही बिघडले हे कळते. किराणा दुकानाची यादी आपण घरी येऊन ताडून पाहतो, तसेच हे.

आता नीट विचार करा. पीडीपी-११ ला पलीकडची फीत दिसते का? नाही. त्याला फक्त तारेवर येणारी पाकिटे कळतात. मग पलीकडे टेपयंत्राऐवजी आजचा संगणक बसवला आणि तो त्याच पद्धतीची पाकिटे पाठवू लागला तर? जुन्या यंत्राला फरक कळत नाही! असे सोंग घेणाऱ्या आज्ञावली हौशी लोकांनी लिहिल्या आहेत. त्यांच्यासाठी कॅसेट म्हणजे २,६२,१४४ अक्षरांची एक फाइल.

जोडणी करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकाची 'पाठवण्याची' तार दुसऱ्याच्या 'घेण्याच्या' टोकाला जोडायची. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवे. तोंडाला तोंड लावून बोलणे होत नाही. दुसरी गोष्ट विजेची. जुन्या तारेवर विजेचा दाब शून्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे जातो. बाजारातले काही स्वस्त जोडक फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. ते थेट लावले तर जळतात.

आणखी एक अडचण आहे. यंत्र सुरू केले तरी 'टेपवरून वाच' हे सांगायलाही एक छोटी आज्ञावली लागते. काही यंत्रांत ती कायमची भरलेली असते. नसेल तर माणसाने ती अंक टाइप करून हाताने भरायची. हे अंक ० ते ७ एवढेच असतात. आठ लिहायचे तर १० लिहावे लागते. टेपयंत्राचा नेहमीचा पत्ताही अशाच अंकांत आहे : १७६५००. एक अंक चुकला की यंत्र गप्प बसते आणि सारे पुन्हा तपासावे लागते.

एवढे जमले, की काम सोपे. आजच्या संगणकावर हव्या त्या फाइली खोट्या कॅसेटमध्ये भरायच्या आणि पीडीपी-११ वर नक्कल करण्याची आज्ञा द्यायची. जुन्या यंत्राच्या तबकडीवरील फाइली याच वाटेने बाहेरही येतात. एखादे खरे टेपयंत्र दुरुस्त झाले, तर सोंग उलटे घेता येते. आजचा संगणक स्वतःच पीडीपी-११ होतो, एकेका भागाची मागणी करतो आणि कॅसेट उतरवून घेतो.

या सोंगाची एक गंमत आहे. खरे टेपयंत्र फीत पुढे-मागे पळवत जागा शोधी, त्यात काही सेकंद जात. आजचा संगणक तत्काळ उत्तर देतो. टेपयंत्राची तपासणी करणाऱ्या कंपनीच्या जुन्या आज्ञावलींना एवढी घाई खपत नाही. म्हणून सोंग घेणाऱ्या आज्ञावलीत मुद्दाम रेंगाळण्याचीही सोय ठेवावी लागली आहे.