वजनाचे गणित : येडशीची रेल्वे आणि जगातल्या स्पोर्ट्‌स कार

धाराशिव जिल्ह्यातले येडशी लोकांना ठाऊक आहे ते रामलिंगामुळे. घाटातले महादेवाचे देऊळ, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा, भोवतालचे अभयारण्य. स्पोर्ट्‌स कारविषयी लिहिताना येडशीचे नाव घेतले तर वाचकाला नवल वाटेल. पण हलके वाहन बांधून मोठे काम कसे काढावे, याचा एक अव्वल नमुना शंभर वर्षांपूर्वी याच घाटातून रोज धावत होता. त्याचे नाव बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती बांधली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि १९११ साली रूळ येडशी, ढोकीमार्गे लातूरला पोचले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. कॅलथ्रॉपने एकच नियम घालून घेतला आणि तो कुठेही मोडला नाही : इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने आठ चालती चाके आणि मागे आणखी चार आधाराची चाके असलेले इंजिन करून घेतले. एवढे वजन सहा अ‍ॅक्सलवर वाटले गेले. डब्यांच्या सांगाड्यासाठी दाबून घडवलेले पोलादी पत्रे वापरले, म्हणजे ताकद तीच राहिली आणि धातू कमी लागला. भार सगळीकडे सारखा असल्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे अगदी किरकोळ वाटणारे रूळ पुरले, आणि त्या रुळांवरून कापूस, धान्य, पंढरीचे वारकरी वर्षानुवर्षे गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाले आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. तिच्यामागचा विचार मात्र जगातल्या उत्तमोत्तम स्पोर्ट्‌स कारमध्ये आजही सापडतो.

कॅलथ्रॉप हा माणूसही विलक्षण होता. तो अरबी घोडे पाळी आणि १९२० साली त्याने घोड्याला सोबती आणि मित्र मानणारे एक पुस्तक लिहिले. रोल्स-रॉइस कंपनीतले चार्ल्स रोल्स हे त्याचे स्नेही. १९१० साली बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला आणि त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. पहिले महायुद्ध चालू असताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी वैमानिकांना पॅराशूट देण्याचे टाळले. त्यामागची एक भीती अशी होती की, सुटकेची सोय हाताशी असली तर वैमानिक विमान वाचवण्याची शिकस्त करणार नाही. यंत्राने माणसाला सांभाळले तर माणूस ढिला पडतो का, हाच प्रश्न आज संगणकाच्या मदतीने धावणाऱ्या मोटारींबद्दल विचारला जातो. पॅराशूटच्या बाबतीत तो विचार चुकीचा होता आणि त्यापायी तरुण पोरांचे जीव गेले. मोटारीच्या बाबतीत उत्तर इतके सरळ नाही.

जुन्या घडणीच्या स्पोर्ट्‌स कारचे सगळे सामर्थ्य तिच्या वजनात आहे. १९६२ साली आलेली लोटस एलान घ्या. कॉलिन चॅपमनच्या या गाडीला मधोमध पोलादी कणा आणि वरून फायबरग्लासची काया. इंजिन जेमतेम १,५५८ सीसीचे, आणि सगळ्या गाडीचे वजन ७०० किलोच्या आत. शंभराच्या आसपास अश्वशक्तीत ती वळणावर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकी. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी काढली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. तिच्या घडणीचे सूत्र माझदाने ठरवले ते घोडा आणि स्वार एकजीव असण्याचे. कॅलथ्रॉपला ते एका क्षणात पटले असते. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बांधून झाल्या.

हलक्या गाडीत नेमके काय घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. वळण जवळ येते. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर असते. डावा पाय क्लच दाबतो, हात गिअर खाली घेतो, आणि त्याच वेळी उजवा पाय थोडी रेस देतो, म्हणजे इंजिनाचा वेग चाकांच्या वेगाशी जुळतो आणि क्लच सुटताना हिसका बसत नाही. पुढचे टायर पकड सोडू लागले की स्टेअरिंग हातात किंचित हलके होते. हा इशारा डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळतो. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांना यातला अर्धा भाग कुणी शिकवावा लागत नाही. सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्सच्या काळात डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडतच नसे : क्लच, न्यूट्रल, रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. तुळजापूरचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवायची, न्यूट्रल करायची नाही, हे ज्ञान त्या पिढीच्या पायांत मुरलेले आहे. शर्यतीतला चालक आणि तो ट्रकचालक एकाच विद्येचे विद्यार्थी आहेत, असे मला मनापासून वाटते.

आता दुसरी बाजू पाहू. ती कमी थक्क करणारी नाही.

१९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी एबीएस बाजारात आणले. घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जागीच थांबते, टायर घसरू लागतो आणि स्टेअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते. एबीएस प्रत्येक चाकाची गती मोजत राहते आणि चाक थांबतेय असे दिसताच त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा लावते, सेकंदात कित्येकदा. त्या वेळी ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. अनेकजण ते जाणवताच दचकून पाय काढतात. तसे करू नये, पाय दाबूनच ठेवावा. १९९५ मध्ये ईएसपी आले. स्टेअरिंग किती वळवले आहे आणि गाडी खरोखर किती वळते आहे, यांची तुलना ही यंत्रणा सेकंदाला २५ वेळा करते. फरक दिसला की ती एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते. माणसाकडे ब्रेकचे पेडल एकच असते. चारांतले एकच चाक निवडून थांबवणे हे कितीही कसलेल्या चालकाला शक्य नाही. संगणकाने इथे माणसाला कधीच न जमणारी गोष्ट करून दाखवली आहे.

त्यावर पुढचे मजले चढत गेले. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी बदलतो. २००७ च्या निसान जीटी-आरने चार चाकांकडे ताकद वाटणारी संगणकीय यंत्रणा आणि असा गिअरबॉक्स एकत्र आणून तिच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांना गाठले. फॉर्म्युला वनमध्ये १९९३ ची विल्यम्स तर एवढी पुढे गेली होती की सस्पेन्शन, ब्रेक, चाकांची पकड, सगळे संगणकाच्या हाती होते. १९९४ साठी नियमावलीनेच या मदती बंद केल्या, कारण शर्यत चालकांची उरावी अशी इच्छा होती. वेगाच्या या खेळाने स्वतःहून संगणकाला दाराबाहेर ठेवले, ही घटना मला फार बोलकी वाटते.

पण माझी खरी तक्रार संगणकाविषयी नाही, त्याच्या आडून वाढलेल्या वजनाविषयी आहे. २०२४ च्या बीएमडब्ल्यू एम-५ चे वजन २,४०० किलोच्या पुढे आहे. पेट्रोल इंजिन, विजेची मोटर, बॅटरी, आणि ७०० हून अधिक अश्वशक्ती. पहिल्या एमएक्स-५ च्या अडीचपट वजन. वेग तोच असेल तर वजनाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते, आणि ती सगळी ब्रेकला आणि टायरला पचवावी लागते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. एवढा भार वळणावर सांभाळण्यासाठी मग संगणकाला सतत राबावे लागते. तो इतके सुरेख राबतो की चालकाला भार जाणवतच नाही. स्टेअरिंग विजेच्या मोटरने हलके केलेले, टायरचा इशारा वाटेतच विरलेला, आणि काही गाड्यांत इंजिनाचा आवाजही स्पीकरमधून ऐकवलेला. गाडी पळते अफाट. चालकाच्या हाती मात्र तिची बातमी फार थोडी येते.

गॉर्डन मरे या अभियंत्याने हे फार आधी ओळखले होते. त्याच्या मॅक्लारेन एफ-१ या रस्त्यावरच्या गाडीत एबीएस नव्हते, पॉवर स्टेअरिंग नव्हते, ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते. चालक मधोमध बसे. वजन ११०० किलोंच्या थोडे वर, आणि पाठीशी बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरचे इंजिन. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. मरेने २०२० मध्ये टी-५० सादर केली, तीही हजार किलोंच्या आत आणि हाताने बदलायच्या सहा गिअरची. पोर्शने २०१३ च्या ९११ जीटी-३ मधून हाताचा गिअर काढून टाकला होता. ग्राहकांची ओढ पाहून काही वर्षांतच तो परत द्यावा लागला. स्वयंचलित गिअर घड्याळावर जलद ठरतो, हे विकत घेणाऱ्यांना माहीत होते. तरीही त्यांनी हाताचा मागितला.

आपल्या मुलखात या इतिहासाची काही पाने आहेत. भारतात मोटार बांधण्याचा ध्यास घेणारे वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात, तुळजापूरपासून तासाभराच्या अंतरावर, जन्मले. त्यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी या काही स्पोर्ट्‌स कार नव्हेत. इंजिन १,०८९ सीसीचे, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर याच फियाट कार्बोरेटर आणि इंजिन सुधारून शर्यतीत उतरत, आणि गर्दी त्यांना पाहायला जमत असे. गोव्यात सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघडी गाडी बांधली. फायबरग्लासची काया आणि रेनॉचे सुमारे ६० अश्वशक्तीचे छोटे इंजिन, म्हणजे थेट एलानच्या कुळातली. ती फार खपली नाही, याचे मला वाईट वाटते. टाटा मोटर्सने २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात रेसमो दाखवली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, गिअर संगणक बदलणार. ती विक्रीस आलीच नाही. महिंद्राच्या मालकीच्या पिनिनफारिनाची बॅटिस्टा मात्र प्रत्यक्षात आली. पूर्ण विजेवर चालणारी, १,९०० अश्वशक्तीची, शून्य ते शंभर दोन सेकंदांच्या आत. तेवढी ताकद चारही चाकांना मोजून देणे संगणकाशिवाय अशक्य आहे.

मग सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्त्यावर कोणती गाडी बरी? नवरात्रात आणि कोजागरीला हा रस्ता रात्रभर पायी चालणाऱ्या भक्तांनी भरलेला असतो. एरवीही उसाची ट्रॉली, मेंढरे, विनादिव्याचा ट्रॅक्टर केव्हा समोर येईल याचा नेम नाही. अशा रस्त्यावर एबीएस आणि ईएसपी हवेतच. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचे झाले, ते योग्यच झाले. ब्रेकवरची मदत हे कॅलथ्रॉपचे पॅराशूट आहे, तिला नाही म्हणणे हा वेडेपणा ठरेल. पण गिअर, स्टेअरिंग आणि रेस ही चालकाची कामे आहेत. ती संगणकाने काढून घेतली की गाडी चालवण्याची विद्या एका पिढीत विसरली जाईल. आजच गॅरेजमध्ये पोर आधी स्कॅनर लावते. इंजिनाच्या आवाजावरून पॉइंट आणि प्लगचा दोष सांगणारे मिस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावी आता मोजकेच उरले आहेत, आणि त्यांचे ज्ञान कुणी लिहून ठेवलेले नाही.

कुणाच्या शेडमध्ये जुनी पद्मिनी, जीप किंवा मारुती ८०० उभी असेल तर ती भंगारात घालू नका. ब्रेक आणि टायर नीट करून घ्या आणि घरातल्या तरुणांना मोकळ्या मैदानात तिच्यावर शिकू द्या. वेगाची हौस असेल तर ती रेसिंग ट्रॅकवरच भागवा, घाटात नव्हे. आणि नवी गाडी घेताना शोरूममध्ये अश्वशक्ती विचारण्याआधी माहितीपत्रकातला कर्ब वेटचा, म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाचा, आकडा विचारा.