सिमेंटचा पत्रा उतरवितांना

आजचा विषय आपल्या डोक्यावरचाच आहे. बोलींत ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतों, तो बहुधा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यांत साधारणपणें शेंकडा आठ ते पंधरा भाग ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतु मिसळलेले असतात. माणसें घरांत राहात असतांना असा पत्रा काढावयाचा झाल्यास काय करावें आणि काय करूं नये, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, वाड्यांच्या सावलींत वसलेल्या गास गांवांतील एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणा. ओटीवर व माजघरावर मंगलोरी कौलें आहेत; मागून वाढविलेली पडवी, गोठा आणि पंपाची खोली यांवर मात्र करड्या रंगाचे नागमोडी पत्रे आहेत. पत्र्यांवर शेवाळ चढलें आहे, दोन ठिकाणीं भेगा पडल्या आहेत. वैशाख लागला आहे, पाऊस तोंडावर आला आहे, आणि घरधन्यानें छप्पर बदलण्याचें ठरविलें आहे. चार मजूर येतील, दोन तासांत पत्रे खालीं पडतील, तुकडे वाडीच्या कोपऱ्यांत जातील, असा त्याचा हिशेब आहे. घरांत वृद्ध आई आहे, रांगतें मूल आहे, परसांत विहीर आहे. बिऱ्हाड कोठें हलावयाचें नाहीं. त्या दोन तासांत अशा घरांत काय घडतें, हाच आपला प्रश्न आहे.

हा पत्रा आपल्या घरांत उगाच शिरला नाहीं. ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यांनीं १९०१ सालीं सिमेंट व ॲस्बेस्टॉस यांपासून पातळ आणि टणक पत्रे करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आपल्याकडे १९३४ सालीं, आजच्या मध्य प्रदेशांतील कैमोर येथें, असे पत्रे करणारा कारखाना निघाला. किनाऱ्यावरच्या माणसाला यांत मोठी सोय दिसली. खाऱ्या वाऱ्यानें लोखंडी पत्रा गंजून चाळण होतो. हा गंजत नाहीं. कौलांना जाड लांकूडसामान लागतें. याला चार आडवे वासे पुरतात. गरिबाच्या छपराला त्यानें आधार दिला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आतां दुसरी बाजू. ॲस्बेस्टॉसचा तंतु केसाहूनहि कितीतरी बारीक असतो. तो उभा चिरत जातो, आणि प्रत्येक चिरण्याबरोबर अधिकच बारीक होतो. शेवटीं तो डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं, आणि हवेंत तासन् तास तरंगूं शकतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसांत खोल उतरतो. तेथील रक्षक पेशी त्याला गिळून नाहींसा करूं पाहातात; पण जो तंतु आगींत जळत नाहीं तो शरीरांत सहजासहजीं विरघळणार कसा? त्या झटापटींत फुफ्फुसाला व्रण पडतात व तें ताठर होतें. या रोगाला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. त्याहून भयंकर म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नांवाचा कर्करोग. धूळ अंगांत शिरल्यापासून हे रोग प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षें लागतात. त्यामुळें कारण आणि कार्य यांची गांठ माणसाच्या ध्यानांत येत नाहीं.

वैद्यकशास्त्राला ही गांठ सांपडण्यासहि वेळ लागला. १९२४ सालीं इंग्लंडमधील रॉचडेल गांवीं नेली केर्शॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणींत काम केलेली स्त्री वयाच्या ३३ व्या वर्षीं वारली, आणि डॉक्टर कुक यांनीं तिच्या रोगाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांपैकीं कित्येक जण खाणींत कधींच उतरले नव्हते. त्यांचें केवळ बालपण खाणींच्या परिसरांत गेलें होतें. १९६५ सालीं लंडनमधील एका पाहणींत असें दिसलें कीं, कामगार नवऱ्याचे धुळीनें माखलेले कपडे घरीं धुणाऱ्या बायकांनाहि हा रोग जडला होता. म्हणजे ही धूळ कारखान्याच्या फाटकाशीं थांबत नाहीं. ती कपड्यांवर बसून घरीं येते. आपल्या विषयाशीं निगडित गोष्ट ती हीच.

परंतु घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पत्रा अखंड असतो तोंवर त्यांतील तंतु सिमेंटानें घट्ट धरून ठेवलेले असतात. त्याच्या खालीं झोंपल्यानें रोग होतो, असें मानूं नये. धोका असतो तो पत्रा फोडण्यांत, कापण्यांत, घासण्यांत आणि भोंक पाडण्यांत. ऊन, पाऊस व शेवाळ यांनीं वरचा थर खिळखिळा झाला म्हणजे तंतु हळूहळू मोकळे होतात, हेंहि खरें. एकदां थोडी धूळ अंगावर आली म्हणून रोग जडेलच असें नव्हे. मात्रा वाढेल तसा धोका वाढतो. तथापि अमुक मर्यादेपर्यंत ही धूळ निर्धोक आहे, अशी रेघ शास्त्राला ओढतां आलेली नाहीं. शिवाय धूम्रपान करणाऱ्यास तिच्यापासून फुफ्फुसाच्या कर्करोगाचें भय कित्येक पटींनीं अधिक असतें.

यावरून पहिला नियम निघतो : पत्रा धड असेल तर त्याला हात लावूं नये. शेवाळ काढण्यासाठीं तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा झोत वापरूं नये. लहानशी भेग असेल तर ती न घासतां वरून लेप देऊन बुजवावी. नव्यानें भोंकें पाडणें तर टाळावेंच. नुसतें पाहून पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. तें प्रयोगशाळाच सांगूं शकते. म्हणून जुना पत्रा आहे त्या अर्थीं त्यांत तो आहे, असेंच धरून चालावें.

पत्रा काढणें भागच असेल, तर हें काम जाणणाऱ्याकडूनच करवावें, आणि त्या दिवशीं मुलें, म्हातारीं माणसें व गुरें यांना शेजारीं किंवा नातेवाइकांकडे पाठवावें. वारा नसलेला दिवस निवडावा. पडवीकडील दारें-खिडक्या बंद करून फटींना चिकटपट्टी लावावी. वाळत घातलेले कपडे, धान्य, अंथरुणें आंत न्यावीं. विहिरीवर व पाण्याच्या टाकीवर जाड प्लॅस्टिक पसरून तें बांधावें. खालच्या जमिनीवरहि तसेंच प्लॅस्टिक अंथरावें. तंतु पोटांत जाण्यापेक्षां श्वासांतून जाण्याचें भय अधिक सिद्ध झालेलें आहे. परंतु पाण्याबरोबर अंगणांत पसरलेली धूळ वाळली कीं पुन्हा वाऱ्यावर चढते, हें लक्षांत ठेवावें.

काम करणाऱ्याचा पोशाख हा दुसरा महत्त्वाचा भाग. नाकाला रुमाल बांधल्यानें हे तंतु अडत नाहींत, साध्या कापडी मुखपट्टीनेंहि नाहींत. एफएफपी-३ वर्गाची मुखपट्टी, किंवा पी-१०० गाळणी लावलेला रबरी मुखवटा हवा, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीच्या खुंटांतूनहि हवा आंत शिरते. अंगावर टाकून देण्याजोगा, टोपी असलेला अंगरखा असावा.

मग पत्रे भिजवावे. पाठीवरच्या फवारणी-पंपांत पाणी व थोडा साबण घालून मंद फवारा मारावा. साबणामुळें पाणी आंत मुरतें. हुकांचे बोल्ट गंजलेले असतील तर त्यांवर तेल सोडावें, न सुटल्यास हातकातरीनें कापावे. ग्राइंडर लावूं नये, हातोडा मारूं नये. पत्र्यावर पाय देऊन कोणी उभें राहूं नये. जुना पत्रा माणसाच्या भारानें अकस्मात् फुटतो, आणि तंतूंच्या रोगाला वीस वर्षें लागत असतील, पण छपरावरून पडून मरण्यास एक क्षण पुरतो. शक्य तों खालून, पहाडावर उभें राहून काम करावें. वर जावेंच लागलें तर वाशांवर टेंकलेल्या रुंद फळ्यांवरून जावें. प्रत्येक पत्रा अखंड सोडवून दोघांनीं हातोहात खालीं द्यावा. वरून टाकूं नये, ओढूं नये.

खालीं आलेले पत्रे ओले असतांनाच जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी थरांत गुंडाळून चिकटपट्टीनें बंद करावे व त्यांवर आंत ॲस्बेस्टॉस असल्याचें ठळक लिहावें. तुकडे ओल्या कापडानें टिपावे. केरसुणी फिरवूं नये आणि घरांतला व्हॅक्यूम क्लीनरहि चालवूं नये, कारण दोन्ही धूळ उडवितात. वापरलेलीं फडकीं, प्लॅस्टिक व अंगरखे हीं त्याच गाठोड्यांत जावींत. मजुरांनीं तेथेंच हात-पाय धुवावे, व तो पोशाख अंगावर ठेवून कोणीं घरीं जाऊं नये. लंडनच्या त्या बायकांची आठवण येथें ठेवावी.

मग हीं गाठोडीं न्यावयाचीं कोठें? येथेंच आपल्या समाजाची खरी परीक्षा आहे. तुटका पत्रा विहिरीच्या वाटेवर भर म्हणून घालावा, कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकावा किंवा खाडीकांठीं लोटून द्यावा, ही आपली रीत आहे. धड निघालेला पत्रा कमी किमतीला विकला, तर घेणारा आपल्याहून गरीब असतो, व तो त्यास पुन्हा भोंकें पाडून बसवितो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ॲस्बेस्टॉसयुक्त कचऱ्याचा समावेश आहे; आणि अशा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचें एक केंद्र रायगड जिल्ह्यांत तळोजा येथें आहे. म्हणून पत्र्याला हात लावण्यापूर्वींच वसई-विरार महानगरपालिकेस व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी विचारून गाठोड्यांची वाट ठरवून घ्यावी. कचरा कोठें जाणार हें ठरल्यावांचून काम सुरू करूं नये.

वसईचीं अनेक माणसें परदेशीं स्थायिक झालीं आहेत. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांतील जुन्या घरांत हेंच खनिज फरशीच्या पातळ चौकोनी तुकड्यांत व त्यांखालच्या काळ्या गोंदांत सांपडतें. न्याय तोच : फरशी धड असेल तर तिच्यावरच नवी जमीन घालावी, काढावीच लागली तर परवानाधारक माणसाकडून ओली करून, न फोडतां काढवावी, आणि गोंद कधींहि खरवडून घासूं नये.

पन्नासांहून अधिक देशांनीं ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं या धंद्यांतील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद किमान ४० वर्षें, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षें, यांपैकीं जो काळ अधिक असेल तोंवर ठेवण्याची आज्ञा दिली. चाळीस वर्षें ही मुदत रोगाच्या संथ चालीवरूनच ठरली, हें उघड आहे. मात्र रोजंदारीवर छपरावर चढणाऱ्या मजुराची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. त्याच्यासाठीं वही ठेवणारा आणि मुखपट्टी देणारा एकच असूं शकतो, तो म्हणजे घराचा धनी. गासमधील त्या घरधन्यास म्हणूनच एवढी विनंती : दोन तासांचें काम दोन दिवस चालूं द्या. रांगणारें मूल चाळीस वर्षांचें होईल, तेव्हां या दोन दिवसांची आठवण कोणासहि उरणार नाहीं. आणि ती उरूं नये, हेंच आपल्याला हवें आहे.