हिशेब मांडणारे बिशप

गांधीजींना ज्या पीटरमॅरित्झबर्गच्या स्टेशनवर गाडीतून उतरवलं, त्याच गावात त्याआधी तीस वर्षं जॉन विल्यम कोलेन्सो नावाचे अँग्लिकन बिशप होते. जन्मभर गणित शिकवल्यामुळे मला ते फार जवळचे वाटतात, कारण मुळात तेही गणिताचेच मास्तर. 1814 मध्ये कॉर्नवॉलमध्ये जन्म, केंब्रिजला गणितात दुसरा नंबर, मग हॅरो शाळेत नोकरी. त्यांची अंकगणिताची पुस्तकं इंग्लंडभर चालत. 1853 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे पहिले बिशप झाले.

ते झुलू भाषा शिकले, तिचा कोश केला. बायबलचं भाषांतर करताना विल्यम एन्गिडी हा झुलू शिष्य शेजारी असे. महाप्रलयाची गोष्ट आली तेव्हा त्याने सरळ विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? कोलेन्सोंनी त्याला गप्प केलं नाही. ते आकडेमोडीला बसले. ग्रंथात इस्राएली लढवय्ये सहा लाखांवर, आणि सारी मंडळी उपासनेच्या तंबूच्या दाराशी जमलेली. तंबूची रुंदी धरली अठरा फूट. एका ओळीत नऊ माणसं, दोन ओळींत दीड फूट अंतर. रांग जाते जवळजवळ वीस मैल! असे हिशेब 1862 पासून छापून येऊ लागले आणि गहजब झाला. केपटाऊनच्या बिशपांनी त्यांना पदावरून काढलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1865 मध्ये तो निकाल रद्दबातल ठरवला.

पण माझ्या लेखी त्यांची खरी परीक्षा पुढेच झाली. बंदुकांच्या नोंदणीवरून लांगालिबालेले या हलुबी सरदाराला बंडखोर ठरवून, धड वकीलही न देता, 1874 मध्ये जन्मठेपेवर रॉबेन बेटावर धाडलं. कोलेन्सोंनी साक्षीपुरावे तपासले, थेट लंडन गाठलं आणि वसाहतमंत्र्यांपुढे बाजू मांडली. सरदाराला बेटावरून हलवलं गेलं, नाताळच्या गव्हर्नरांना परत बोलावलं गेलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी मात्र बिशपांशी संबंध तोडले. 1879 मध्ये इसांडलवानाला झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला, गावात घरोघरी सुतक होतं. अशा वेळीही इंग्रजांनी झुलूंवर केलेली ही चढाईच अन्यायाची आहे, असं त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं. केवढं धैर्य लागलं असेल!

1883 मध्ये ते गेले. झुलू राजपुत्र दिनुझुलूवर खटला भरून त्याला सेंट हेलेना बेटावर पाठवलं, तेव्हा त्याची बाजू लढवायला कोलेन्सोंची मुलगी हॅरिएट उभी राहिली.