काठ मोकळा आहे का?

तोंडाच्या कर्करोगाची गाठ काढली, जखम भरली, तरी कित्येकदा वर्षा-दोन वर्षांत रोग तिथेच का उलटतो? ‘गाठीला शस्त्र लागले की ती चाळवते,’ असे आमच्या गावात सांगतात. त्या भीतीने माणसे शस्त्रक्रियाच लांबवतात. हा समज चुकीचा आहे.

ज्याने शेतातली हरळी खणली आहे, त्याला खरे कारण चटकन कळेल. वर दिसते तेवढीच हरळी नसते. म्हणूनच शल्यविशारद गाठीभोवतीचा सुमारे १ सेंटिमीटर निरोगी दिसणारा भागही काढतात. त्या तुकड्याच्या कडांना शाई लावून, शाईपासून कर्कपेशी किती दूर आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अंतर ५ मिलिमीटर वा अधिक असेल तर काठ मोकळा मानण्याची रीत आहे. (कापलेले मांस आक्रसते, म्हणून हा फरक.) १ मिलिमीटरही नसेल, तर रोग काठावरच आहे असे समजतात; मग पुन्हा शस्त्रक्रिया, किंवा किरणोपचार व जोडीला केमोथेरपी. गाल मुळातच पातळ. तिथे खोलीकडचा काठ मोकळा मिळणे अवघड.

काठ मोकळा असूनही रोग उलटू शकतो. गाठीभोवतीचे तोंडाचे अस्तरही बिघडलेले असते, हे स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी १९५३ सालीच मांडले. शस्त्रक्रियेनंतरही चंची सुटली नाही, तर शेजारी नवी गाठ उगवू शकते.

काठाचे हे माप रुग्णाच्या तपासणी-अहवालात लिहिलेले असते. तो इंग्रजीत असतो आणि बहुतेक घरांत पिशवीतच राहतो. आपण शिकणाऱ्या मुलांनी तेवढी ओळ वाचून डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.