अक्षरांशी झुंज

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. जे आईबाप मुलांस शाळेत धाडणार नाहीत, त्यांस दरमहा १ रुपया दंड ठेवला. मूल शाळेपर्यंत कसे पोहोचेल, ही त्या काळची चिंता होती. आज कोल्हापुरातील काही आईबापांची चिंता निराळी आहे. त्यांचे मूल शाळेत नियमाने जाते. परंतु अक्षर काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

असे मूल बोलण्यात चतुर असते. ऐकलेली गोष्ट ते जशीच्या तशी सांगते, गुळाच्या रव्यांचा हिशेब तोंडी करते. पण पुस्तक पुढे येताच अडखळते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत त्याची गफलत होते. काल वाचलेला शब्द आज त्यास अनोळखी वाटतो. अशा चुका आरंभी पुष्कळ मुले करतात व त्या पुढे सुटतात. काहींच्या मात्र नीट शिकवूनही सुटत नाहीत. या अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात.

इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, त्यास गणित येई, दृष्टीही चांगली होती. परंतु साधे शब्द वाचता येत नसत. दोष डोळ्यांचा वा बुद्धीचा नव्हे. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणे अशा मुलांच्या मेंदूस कठीण जाते, हे पुढील संशोधनाने दाखविले. आपल्या लिपीत ही सांगड कधी कधी अवघडच असते. ‘दिवस’ या शब्दातील वेलांटी ‘द’च्या आधी लिहितात, पण उच्चारतात नंतर. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’ आधी उच्चारला जातो आणि रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो.

हे ठाऊक नसल्यामुळे आईबाप प्रथम रागावतात. शिकवणी लावतात, एकच धडा दहादा लिहावयास सांगतात. शेजारीपाजारी मुलास ‘ढ’ ठरवितात. मग शाळेच्या वेळेस मुलाचे पोट दुखू लागते आणि शिकविता शिकविता आईही रडकुंडीस येते. तज्ज्ञांनी तपासल्यावर खरे कारण कळते. ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. त्यामुळे एखाद्या बापास आपलेच बालपण व आपण खाल्लेल्या छड्या आठवतात, आणि उगारलेला हात खाली येतो.

त्यानंतर घरातील अभ्यासाची रीत पालटते. मूल उच्चार करीत वाळूत बोटाने अक्षर गिरविते. शब्द फोडून पुन्हा जुळविते. आई धडा वाचून दाखविते. यावर औषध नाही. परंतु रोज थोडा, पण नियमाने केलेल्या अभ्यासाने वाचन सुधारते. २०१६ च्या कायद्याने या अडचणीस मान्यता दिली आहे. अशा विद्यार्थ्यांस दहावीच्या परीक्षेत अधिक वेळ व गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. ही मेहेरबानी नव्हे. अधू डोळ्यांस चष्मा द्यावा, तशीच ही सोय आहे.

तुमच्या वर्गातील एखादा सोबती वाचताना अडखळला, तर त्यास हसू नका. ती एक ओळ वाचता यावी म्हणून आदल्या रात्री त्याच्या घरी किती वेळ दिवा जळत होता, हे आपणांस दिसत नाही.