रविवारची झाडे

पाऊस लागला की आमच्या सातारा-सांगलीकडे एक नवा सण सुरू होतो. रविवारी सकाळी कंपनीची बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते, एकसारखे सदरे घातलेली माणसे उतरतात, आयत्या खड्ड्यांत रोपे ठेवतात आणि फोटो काढून न्याहारीला परततात. ही माणसे आमचीच आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आठ तास यंत्रापुढे उभा राहणारा गडी सुटीच्या दिवशी चिखलात हात घालतो, तो मातीच्या ओढीनेच. तथापि एका कारखान्यात या 'स्वेच्छे'ची हजेरी मांडलेली आम्ही पाहिली, आणि न आलेल्यास सोमवारी जाब विचारला गेला. तेव्हा आम्हास पत्र लिहावे लागले.

पैसा येतो कोठून? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. पर्यावरण त्यात येते. हे चांगलेच झाले.

परंतु झाड एका रविवारात लागत नाही. मुरमाड जमिनीत दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्यावा लागतो, पोयटा व शेणखत भरावे लागते. रोप लावल्यावर तण काढणे, आळे करणे, शेळ्या वारणे, दोन-तीन उन्हाळे पाणी घालणे, आणि थंडी सरता सरता गवत कापून जाळपट्टा काढणे. तो काढला नाही तर वणव्याच्या एका दुपारी सगळे रविवार जळून जातात. ही सारी रोजंदारीची कामे. फोटोत ती माणसे नसतात.

झाड कोणते, हेही पाहावे. गिरिपुष्प मूळचे अमेरिकेकडले; आपली गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून टेकडी लवकर हिरवी दिसते. पळस, आपटा, करंज, खैर, हिवर, धावडा सावकाश वाढतात, पण आपली पाखरे नि किडे त्यांच्यावर जगतात. उंबराचे फळ खाऊन पाखरू बी दुसरीकडे टाकते, म्हणजे पुढची लागवड बिनपगारी! कासच्या सड्यावर मात्र झाड लावू नये. तेथील फुलांना उघडेच रान हवे.

अशक्य काही नाही. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरचे डोंगर उजाड होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तेथे वर्षानुवर्षे झाडे लावली, राखली. १९८५ साली ते अभयारण्य झाले, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे. ज्या जिल्ह्यातील वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना निघाली, तेथे राखणदाराच्या मजुरीचा हिशेब जड वाटू नये.

म्हणून आता व्यवस्थापनाशी बोलताना रोपे किती, हे आम्ही शेवटी विचारतो. आधी विचारतो, एप्रिलात पाणी कोण घालणार, त्याला रोज किती, आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय?